झिजलं की वाजते

बापूराव कोंडावार माणसाला नमस्कार करत नाहीत, चाकाला करतात. कुणाच्याही दारात गाडी येऊन थांबली की हे घरातून निघतात, पायजमा वर खोचून चाकाशी उकिडवे बसतात, खिशातली पेनाएवढी बॅटरी काढतात आणि चाकाच्या जाळीतून आत उजेड मारतात. गाडीतून उतरलेला पाहुणा हात जोडून उभा असतो. त्याला ते तसंच उभं ठेवतात. मग उठून गुडघे झटकतात आणि निकाल देतात, "हाय अजून. दिवाळी निघते." नाहीतर, "झिजले. पापडाएवढे राह्यले." पाहुण्याला आधी वाटतं हे आपल्या आयुष्याबद्दलच बोलतायत.

आमच्या आदिलाबादच्या कॉलनीत त्यांना कोंडावार कुणी म्हणत नाही, ब्रेकवार म्हणतात. मीही म्हणते. तोंडावर काका म्हणते एवढंच.

ब्रेकला जीभ असते हे मला त्यांच्याकडूनच कळलं. चाकाच्या मागे लोखंडाची तबकडी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. पॅडचा थर झिजत झिजत पार खाली आला की त्याला लावलेली पत्र्याची जीभ तबकडीला घासते आणि गाडी थांबताना किंचाळते. "झिजलं की वाजते," हे काकांचं ब्रीदवाक्य. "वाजलं की आयकावं. लोकं काय करतात? गाण्याचा आवाज मोठा करतात. त्याच्यापुढं मंग खर्रर्र. लोखंडाले लोखंड लागलं की ब्रेक नाही राहत, भजन राह्यते."

एका लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी निघायच्या बेतात असताना काका चाकाशी जाऊन बसले. वाजंत्री थांबली. मुलाच्या आत्याला वाटलं हे रुसलेत, कुणाचा तरी मानपान राहिला. ती रडायलाच लागली. नवरदेवानं बिचाऱ्यानं खाली उतरून पाय धरले. काका म्हणाले, "पाय सोड. डाव्या बाजूचा पॅड पाह्य." गेल्या उन्हाळ्यात शेजारचे आजोबा वारले, तेव्हा यांनी शववाहिनीच्या चाकातही बॅटरी मारली. "त्याईले आता घाई नाही," ते खांदेकऱ्यांना म्हणाले, "पण तुमाले परत यायचं हाय ना?" बसस्टँडवर एका तेलुगू ड्रायव्हरनं त्यांना बसच्या चाकाखालून ओढून काढलं होतं. "एम् पेद्दायना, टिकेट् कावाला, ब्रेकु कावाला?" म्हातारबुवा, तिकीट हवंय की ब्रेक, असं तो विचारत होता, आणि सगळा स्टँड हसत होता. काकांनी गंभीरपणे सांगितलं, "ब्रेकु."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. एका चाकाचे पॅड बदलले की दुसऱ्याचे बदलायचेच, मग ते कितीही बरे असोत. "जोडीनं बदलावं. एकीकडचे नवे अन् एकीकडचे जुने ठेवले, तर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाले वढते." हे ते भेटेल त्याला सांगत. सांगताना स्वतःच्या घराच्या दाराकडे मात्र पाहत नसत.

आता त्या दाराच्या आतलं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हा नुसता रिकामटेकडा म्हातारा. तसा तो आहेच.

काकांच्या पत्नी कुसुमबाई वांकिडीच्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका. मी त्यांच्याच हाताखाली शिकवते. आदिलाबादहून वांकिडी म्हणजे उटनूर, जैनूर, मग केरामेरीचा घाट उतरून आसिफाबाद, आणि त्याच्याही पुढे महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं गाव. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर खोली करून राहायचं, शनिवारी शाळा सुटली की परत. आम्हा दोघींचं आयुष्य हे असं.

बाईंना तिकडे पाठवलं काकांनीच. ते तेव्हा शिक्षण खात्याच्या कचेरीत तबादल्यांच्या, म्हणजे बदल्यांच्या, टेबलावर होते. बाईंना बढती आली ती वांकिडीची. बाई नको म्हणत होत्या. काकांनी छातीवर हात मारून सांगितलं, "दोन साल काढ. जिल्हा एकच हाय, टेबल माझं हाय. बसल्या जागेवरून बोलावून घेतो."

आमच्या आजोबांनी घर न बदलता निजाम पाहिला, हैदराबाद राज्य पाहिलं, आंध्र पाहिला. आम्ही तेलंगण पाहिलं. वरची पाटी बदलत गेली तरी आदिलाबाद जिल्हा आपला जागेवर होता, वांकिडीपासून भीमपूरपर्यंत एकच. मग एका दसऱ्याला त्याचे चार तुकडे झाले. लोक एकमेकांना सोनं देत होते आणि वांकिडी परजिल्ह्यात गेली होती. नोकरीत जो जिथे होता तो त्याच जिल्ह्याचा झाला. कागदावर याला पुनर्रचना म्हणतात, म्हणजे आधी काहीतरी रचना होती असं धरून चालायचं. त्याच सुमाराला काका रिटायर झाले. टेबल गेलं, जिल्हा गेला आणि बायको तिकडच्या बाजूला राहिली.

बाईंनी आदळआपट केली नाही, त्यांचा तो स्वभाव नाही. काकांनी रिटायर झाल्यावर गाडी घेतली, अगदी माझ्या गाडीसारखीच, त्याच कंपनीची, आणि म्हणाले, आता मीच नेतो-आणतो. बाईंनी त्या कोऱ्या गाडीकडे पाहिलं. "तुमच्या भरवशावर एकदा गेले," त्या म्हणाल्या. "तेवढं पुरे." आणि सोमवारी पहाटे माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसल्या. काकांची गाडी कव्हराखाली गेली. ती पेट्रोल पंपाच्या पुढे कधी गेल्याचं मी पाहिलं नाही.

त्याआधी या माणसाला ब्रेक कुठे असतो हे तरी ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे. पहिल्या रविवारी ते माझ्या चाकाशी दिसले. पुढच्या रविवारी सगळ्या कॉलनीच्या चाकांशी. मला उलगडा व्हायला बराच काळ गेला. सगळ्यांच्या चाकात बॅटरी मारली की एकाच चाकात मारलेली कुणाच्या डोळ्यावर येत नाही. वेडा म्हणवून घेतलं म्हणजे काळजी करतो म्हणवून घ्यावं लागत नाही.

आणि बाई? घाटाच्या तोंडाशी आलो की त्या दर सोमवारी विचारत, "ब्रेक बरे आहेत ना ग?"

"काकांनी काल पाहिलेत," मी म्हणे.

मग त्या सीट मागे करत, डोळे मिटत आणि आसिफाबाद येईपर्यंत गाढ झोपत. केरामेरीची ती वळणं, एका अंगाला दरी, आणि ही बाई घोरते. मी पुष्कळदा मनात म्हटलं, अहो, एवढा विश्वास आहे तर जरा त्यांच्याशी बोला की. पण मुख्याध्यापिकेला असं सांगायची सोय नसते.

इकडे काकांनी तबादल्याची दरखास्त लावली होती. नवरा नोकरीत असेल तर त्याच्या नावावर बायकोला बदली मागता येते. रिटायर नवऱ्याला काही कारण दाखवावं लागतं. काकांनी कारण दिलं होतं की नवरा म्हातारा आहे आणि घरी एकटा राहतो. दर आठवड्याला ते कचेरीत चक्कर मारून विचारून येत. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, त्यालाच आता बाकावर बसून ऐकावं लागत होतं.

मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हाला इथं काम काय आहे? पेन्शन तिकडेही मिळते. वांकिडीला जाऊन राहा ना बाईंजवळ."

मी मुलांना चुकीचा पाढा शिकवताना सापडले असावे, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी तिकडं गेलो तर एकटा कुठं राह्यलो व बाई? मंग दरखास्तीत काय जीव राह्यला? उद्या कोणी चौकशीले आलं तर? म्हणतील, हे तर दोघंबी एकाच जागी हायेत, कायचा तबादला मांगून राह्यले?"

म्हणजे बायकोबरोबर राहता यावं म्हणून हा माणूस बायकोशिवाय राहत होता, आणि त्यात एका दिवसाचाही खंड पडू देत नव्हता! जन्म कचेरीत गेला की डोक्याचं असं होतं. मला हसू आलं आणि इतका राग आला की मी चहा अर्धा टाकून उठले.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला माझी गाडी वाजायला लागली. गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबला की चीं करून ओरडायची. पेडलही आधीपेक्षा खोल जायला लागलं होतं. काकांचा चेहरा नुसता उजळला. मी मिस्त्रीकडे टाकते म्हटलं तर अंगावर आले. "काऊन? बाजारात सगळा डुप्लिकेट माल हाय. घाटात जाणारी गाडी हाय ही. माझ्यापाशी कंपनीचे पॅड हायेत, मी टाकून देतो."

खंडेनवमीच्या सकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आले. अजून माझ्या गाडीला हात लावला नव्हता, तरी बोटं काळी झालेली होती. कुणीतरी विचारलं, नव्या पॅडचा खोका कुठाय? "खोक्यानं ब्रेक लागते का?" काका खेकसले. पैसे किती म्हणून मी विचारलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

सुट्ट्या होत्या, सगळी कॉलनी भोवती जमली. काकांनी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक चढवला. चाक काढून गाडीच्या पोटाखाली सरकवलं. "जॅक दगा देते," ते म्हणाले, "चाक नाही देत." चिमट्याचा खालचा बोल्ट काढून तो पेटीच्या झाकणासारखा वर उचलला आणि माझे जुने पॅड काढून सगळ्यांना दाखवले. खरोखरच पापड. पॅडला रेटणारा, आत घुसायला तयार नसलेला दट्ट्या शिकंज्यानं हळूहळू मागे दाबला, पुडक्यातले पॅड बसवले. मग दुसऱ्या बाजूचे. जोडीनं.

आणि हे चालू असताना प्रवचन. "आता आखरीची गोष्ट आयका. सगळ्यात मोठी. चाक बसवलं की गाडी हलवाची नाही. आधी पेडल दाबत राहाचं, टणक लागतवरी. मधात फट राह्यते ना. तसंच निघाले तर पहिला पाय हवेत जाते."

दुसरं चाक बसवून ते उठले, तेवढ्यात समोरच्या दारातून बाई आल्या. हातात पूजेचं ताट. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांना, गाड्यांना हळदकुंकू लावतात, तेवढ्यासाठीच आल्या असतील. त्यांनी माझ्या गाडीला बोटं ओढली. चाकांखाली लिंबं ठेवली. मग त्या थांबल्या, आणि खाली पडलेल्या काकांच्या पान्याला कुंकू लावलं. जॅकला लावलं. त्या पेनाएवढ्या बॅटरीलाही लावलं.

"हात तरी धुवा," त्या म्हणाल्या, "पूजेच्या दिवशी असे काळे हात." आणि तांब्यातलं पाणी त्यांच्या हातांवर ओतायला लागल्या.

त्यांनी काकांना उद्देशून काही बोललेलं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. काका दोन्ही हात पुढे करून उभे होते. काळं कधीच निघून गेलं होतं, तरी ते हात चोळतच होते.

"घ्या मॅडम, पुढं घ्या गाडी," कुणीतरी ओरडलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. कुणी त्यांना विष पी म्हटलं असतं तरी त्या घडीला त्यांनी मान हलवली असती. मी गाडी सुरू केली, लिंबं फटाफट फुटली, समोर काकांचंच फाटक आलं, मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. हँडब्रेकला हात जाईपर्यंत माझी गाडी उघड्या फाटकातून आत शिरली आणि कव्हराखालच्या त्यांच्या गाडीला मागून धडकली. काच फुटल्याचा आवाज आला.

कुणाला काही लागलं नाही. म्हणून मग सगळे पोट धरधरून हसले. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी पुढचं पूर्ण केलं.

बाई हसल्या नाहीत. ताट तसंच हातात होतं. "बोलणं सगळं बराबर असते तुमचं," त्या हळूच म्हणाल्या. "आखरीले पाय दाबायचा तेवढा राहून जाते." आणि आत गेल्या. काका ओले हात घेऊन रस्त्यातच उभे राहिले. पेडल दाबायचं का राहिलं ते त्यांना सांगता आलं असतं. तेही राहून गेलं.

सुट्टी संपल्यावर बाईंनी वांकिडीत अंगण असलेलं घर भाड्यानं घेतलं. आधी एका शनिवारी आल्या नाहीत, मग दोन शनिवारी, मग येणंच थांबलं. दोन कुंड्या आणल्या, शाळेतल्या मुली संध्याकाळी अभ्यासाला येऊन बसायला लागल्या. मी रविवारी एकटी परतीची तयारी करी, आणि काका बॅटरी घेऊन येत. आता बाकीच्या कॉलनीच्या चाकांकडे ते बघतही नसत. फक्त माझ्या.

"बाई नसतात आता गाडीत," मी एकदा जरा तिखटपणेच म्हटलं.

"गाडी तिकडंच जाते ना?" ते म्हणाले.

शेवटी मी बाईंनाच विचारलं. शाळा सुटली होती, त्या फळ्यावर उद्याची तारीख घालत होत्या. "तुला वाटते मी वांकिडीसाठी रुसले?" त्या म्हणाल्या. "तुकडे काय ह्यांनी केले? पण हा माणूस मला आणतो, आणतो, एवढंच म्हणत राह्यला ग. कचेरी सुटली, टेबल सुटलं, गाडी दारात. एकदा तरी म्हणावं, तुझं येणं होत नाही तर मीच येतो. मी दर शनिवारी तेच आयकायला येत होते." मग डस्टर झटकून म्हणाल्या, "हे सांगू नको त्यांना."

मी रविवारी सांगितलं. बाईंनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या दोघांच्या बोलण्याची वाट पाहत माझीही नोकरी संपली असती.

काका माझ्या चाकाशीच बसले होते. "असं म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"अन् दरखास्तीचं?"

"काका, जाळा ती दरखास्त."

ते उठले. घरात गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि हातात किल्ली. कव्हर ओढून काढलं, फुटलेला दिवा तसाच होता. बसले, गाडी सुरू केली, आणि फाटकातून बाहेर काढून वळणापाशी ब्रेक दाबला. पेट्रोल पंपाच्या पुढे कधी न गेलेली ती कोरी गाडी चीं करून किंचाळली.

तो आवाज मी ओळखला. आठवडाभर माझ्याच गाडीत ऐकलेला होता.

काकांनी गाडी बंद केली आणि आत नुसते बसून राहिले. मी खिडकीशी गेले.

"तुझे हायेत याच्यात," ते समोर बघत म्हणाले. "जुने. याच्यातले तुझ्या गाडीले लावले. कंपनीतून निघालेले होते ते, अस्सल. ही कुठं जात होती?"

"मग नवे आणा. बाजारात ढीग पडलेत."

"डुप्लिकेट असतात."

"मग उद्या माझ्या गाडीत चला. पुढची सीट रिकामी आहे."

त्यांनी मान वळवून माझ्या गाडीकडे पाहिलं. पुढची सीट बाईंनी शेवटची मागे केली होती, तशीच मागे होती. "ती तिची हाय," ते म्हणाले. "मी बसलो, अन् तिचा यायचा इचार झाला तर?"

मला त्या वेळी त्यांची दया आली नाही, खरं सांगते. संताप आला. एवढ्या अंतरात एक घाट आहे, आणि या माणसानं त्यात कचेरी, दरखास्त, डुप्लिकेट माल आणि सीट एवढं सगळं आणून उभं केलं होतं. मी काहीबाही बोलले. ते ऐकून घेत राहिले आणि मग गाडी ढकलून मागे आत घेतली. ब्रेक वाजू नये म्हणून.

सोमवारी मी एकटीच निघाले. घाटभर ब्रेक लोण्यासारखे लागले, कुठेही आवाज नाही.

शाळेत पोचले तर बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. गाडीच्या पुढच्या सीटकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग सवयीनं विचारलं, "ब्रेक बरे आहेत ना ग?"

"चांगले आहेत," मी म्हटलं. "काकांच्या गाडीतले आहेत. स्वतःच्या गाडीतले काढून त्यांनी माझ्या गाडीला लावले होते, खंडेनवमीला. तुम्ही जाता-येता म्हणून. माझे झिजलेले त्यांच्या गाडीत आहेत."

पोरं रांगेत उभी राहत होती, कुणीतरी घंटेची दोरी धरून बाईंकडे बघत होतं.

"मग ते येतील कशानं?" बाईंनी विचारलं.